इंग्लंडमध्ये पहिले घर घेताना: कन्व्हेयन्सिंगविषयी नव्याने आलेल्यांचे प्रश्न

महाराष्ट्रात ‘कन्व्हेयन्स’ हा शब्द आपण बहुतेक जण सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ऐकतो. बिल्डरने जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून दिली आहे का, नसेल तर मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करायचा का, एवढ्यापुरताच त्याचा आपल्याशी संबंध येतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र घराची मालकी विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जाण्याच्या संपूर्ण कायदेशीर प्रक्रियेला कन्व्हेयन्सिंग म्हणतात. मी ठाण्याहून येऊन रेडिंगमध्ये स्थायिक झालो, येथे दोन घरे घेतली आणि नव्याने आलेल्या अनेक कुटुंबांचे याविषयीचे प्रश्न ऐकले. आपल्याकडचा अनुभव कोठे उपयोगी पडतो आणि कोठे दिशाभूल करतो, हे त्यांना सांगणे मला सर्वांत गरजेचे वाटते. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे. तेथे घर घेणाऱ्यांनी पुढील मजकूर आपल्याला लागू आहे असे समजू नये.

पहिला प्रश्न नेहमी हाच असतो: ऑफर मान्य झाली, म्हणजे घर आपले झाले का? नाही. १९८९ च्या कायद्यानुसार जमिनीचा किंवा घराचा करार लेखी असावा लागतो, सर्व अटी त्यात याव्या लागतात आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात. त्यामुळे एजंटने फोनवर अभिनंदन केले तरी ‘एक्स्चेंज ऑफ कॉन्ट्रॅक्ट्स’ (सह्या केलेल्या करारांची अदलाबदल) होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या असतात. आपल्याकडे टोकन देऊन शब्द पक्का करतात, तशी पद्धत येथे सहसा नाही. माझ्या पहिल्या खरेदीत ऑफर मान्य होऊन अकरा आठवडे उलटल्यावर विकणाऱ्याने दुसऱ्याची जास्त किमतीची ऑफर स्वीकारली. सर्व्हे (घराच्या स्थितीची तपासणी) आणि सर्चेस (रस्ता, सांडपाणी, पूर अशा बाबींच्या नोंदींची तपासणी) यांवर झालेला खर्च परत मिळाला नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे मुलीच्या शाळेचे सगळे नियोजन कोलमडले. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की एक्स्चेंज होण्यापूर्वी भाड्याच्या घराची नोटीस देऊ नका आणि गावाकडे वास्तुशांतीची तारीखही कळवू नका.

वकील कोणता घ्यावा? हे काम सॉलिसिटर करतो किंवा फक्त याच कामाचा परवाना असलेला लायसन्स्ड कन्व्हेयन्सर करतो, दोघेही चालतात. एजंटने सुचवलेलाच घेण्याचे बंधन तुमच्यावर नसते, मात्र मॉर्गेज (गृहकर्ज) देणाऱ्या संस्थेला तो मान्य आहे का, हे आधी विचारून घ्या. लेखी कोटेशनमध्ये व्हॅट, सर्चेस, बँक ट्रान्स्फर आणि लीजहोल्डसाठीची (ठरावीक वर्षांच्या हक्काने घेतलेल्या घरासाठीची) वाढीव फी धरली आहे का, तेही पाहा.

मालकीची तपासणी आपल्यापेक्षा येथे सोपी असते. आपल्याकडे सातबारा किंवा मिळकत पत्रिका, इंडेक्स टू आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट एकत्र ठेवून मालकीचा अंदाज बांधावा लागतो. येथे लँड रजिस्ट्रीतील नोंद हाच मालकीचा आधार असतो आणि तिच्यामागे शासनाची हमी असते. १ डिसेंबर १९९० पासून संपूर्ण इंग्लंड आणि वेल्समध्ये विक्रीनंतरची नोंदणी सक्तीची आहे, आणि कोणत्याही नोंदणीकृत घराचा उतारा ७ पौंडांत कोणालाही पाहता येतो. मात्र रस्ता कौन्सिलचा आहे की खासगी, सांडपाण्याची सार्वजनिक वाहिनी कोठून जाते, जुन्या कोळसा खाणी किंवा पुराचा धोका आहे का, हे त्या उताऱ्यात नसते. त्यासाठी सर्चेस असतात. घराच्या भिंतींत ओल आहे का, हे यांपैकी कशातूनही कळत नाही. बँकेने केलेले मूल्यांकन बँकेच्या सोयीसाठी असते. तुमच्यासाठीचा सर्व्हे तुम्हीच करून घ्यायचा असतो, आणि जुन्या घराच्या बाबतीत तो सविस्तर करून घ्यावा.

आता ज्या दोन बाबतींत आपली माणसे सर्वाधिक अडकतात, त्यांच्याकडे वळतो.

एक म्हणजे पैसा कोठून आला. मनी लाँडरिंगविषयीच्या नियमांमुळे कन्व्हेयन्सरला डिपॉझिटच्या रकमेचा माग काढावाच लागतो, त्यामुळे त्याच्या प्रश्नांनी मनाला लावून घेऊ नये. आईवडिलांनी मुदत ठेव मोडून पैसे पाठवले असतील, तर त्यांचे बँक स्टेटमेंट, ओळखपत्र आणि ही भेट आहे, घरावर आपला हक्क नाही असे सांगणारे सहीचे पत्र लागते. मामांकडून थोडे, मित्राकडून थोडे असे पैसे चार खात्यांतून फिरवून आणले, तर प्रत्येक टप्प्याचे कागद मागितले जातात आणि आठवडे निघून जातात. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. घर शोधायला लागण्यापूर्वीच ही तयारी सुरू करावी.

दुसरी बाब स्टॅम्प ड्यूटीची, आणि ती महागात पडते. इंग्लंडमध्ये पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ५ लाख पौंडांपर्यंतच्या घरावर सवलत मिळते, परंतु ‘पहिल्यांदा’ या शब्दाचा अर्थ जगात कोठेही, कधीही घर नसणे असा आहे. पुण्यातील फ्लॅट विकून आला असाल, किंवा वारसाने घरात हिस्सा मिळाला असेल, तरी तुम्ही पहिल्यांदा घेणारे ठरत नाही. फ्लॅट अजून तुमच्या नावावर असेल, तर बहुधा दुसऱ्या घराचा ५ टक्के अधिभारही लागतो. पतिपत्नी एकत्र राहत असतील तर एकाचे घर दुसऱ्याच्या हिशेबात धरले जाते. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनुसार ४ लाख पौंडांच्या घरावर पहिल्यांदा घेणाऱ्याला ५,००० पौंड, सामान्य खरेदीदाराला १०,००० पौंड आणि अधिभार लागणाऱ्याला ३०,००० पौंड भरावे लागतात. खरेदीपूर्वीच्या बारा महिन्यांत किमान १८३ दिवस येथे राहिलेले नसाल, तर आणखी २ टक्के. अलीकडे वारसाने मिळालेला छोटा हिस्सा किंवा कमी किमतीचे घर यांसाठी ५ टक्के अधिभाराला अपवाद आहेत, म्हणून नाशिकच्या वाड्यातील तुमचा हिस्सा कितीही नाममात्र वाटला, तरी तो कन्व्हेयन्सरला पहिल्याच भेटीत सांगा. तो स्वतःहून भारताविषयी विचारेल असे गृहीत धरू नका. न सांगितलेल्या गोष्टीची जबाबदारी तुमच्यावरच येते.

फ्लॅट घेत असाल, तर तो बहुधा लीजहोल्ड असेल. आपल्या सोसायटीतील सभासदत्वासारखे हे नाते नाही. मूळ मालक वेगळा असतो आणि तुम्ही ठरावीक वर्षांचा हक्क विकत घेता. लीजची किती वर्षे उरली आहेत, गेल्या काही वर्षांत सर्व्हिस चार्ज किती वाढला आणि छपराचे किंवा लिफ्टचे मोठे काम निघणार आहे का, ही उत्तरे लेखी घ्या. लीज ऐंशी वर्षांच्या जवळ आले असेल, तर मुदतवाढीच्या खर्चाचा अंदाज घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एक्स्चेंज हे साधारणपणे आपल्या साठेखतासारखे आणि कम्प्लिशन खरेदीखतासारखे समजावे; फरक असा की दुय्यम निबंधकासमोर उभे राहून अंगठा द्यावा लागत नाही. एक्स्चेंजच्या वेळी सहसा १० टक्के डिपॉझिट जाते, आणि त्यानंतर माघार घेतली तर ते गमवावे लागते. घराचा विमा त्याच दिवसापासून सुरू करावा. कन्व्हेयन्सरचा बँक खाते क्रमांक बदलला असे सांगणारी ईमेल आली, तर ती खरी मानू नका. सुरुवातीला मिळालेल्या कागदावरील क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री करा, कारण गेलेली रक्कम परत मिळवणे फार कठीण असते.

कम्प्लिशननंतर लँड रजिस्ट्रीतील नोंद पूर्ण होऊन नवा उतारा येण्यास काही महिनेही लागू शकतात. तो आला की नाव अक्षरशः तपासून पाहा. आपल्या पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये असते, काहींच्या नावात लग्नानंतर बदल झालेला असतो, आणि माझ्या पत्नीच्या नावात हाच घोळ झाला होता. कन्व्हेयन्सरला ताबडतोब कळवल्यामुळे तो तेव्हाच दुरुस्त झाला.