क्यूशू रेल्वेने फिरायचंय? आधी वही काढा, पास मग निवडा

जपानच्या चार मुख्य बेटांपैकी क्यूशू हे सगळ्यात दक्षिणेचं. आकाराने साधारण दहा गोवे मावतील एवढं. जागते ज्वालामुखी, गरम पाण्याची कुंडं, नागासाकीसारखं शहर आणि या सगळ्याला जोडणारी रेल्वे. गाडी न चालवता, एजंटच्या बसमध्ये न बसता एखादं बेट मनासारखं बघायचं असेल, तर इतकं सोयीचं बेट मला दुसरं माहीत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सबंध जपानचा सात दिवसांचा रेल्वे पास २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येनवर गेला. तोपर्यंत सगळे डोळे झाकून तोच पास घ्यायचे. आता एका भागापुरता पास घेणं बहुतेकांना परवडतं. क्यूशूसाठी जेआर (म्हणजे जपान रेल्वे) क्यूशू कंपनीचे तीन पास आहेत: उत्तर क्यूशू, दक्षिण क्यूशू आणि सबंध क्यूशू. नेमकी इथेच लोकांची गल्लत होते. बहुतेक जण आधी पास घेतात आणि मग तो वसूल करायला दिवसभर गाडीत बसून राहतात. उलट्या क्रमाने करा.

पायरी १: पास कोणाला मिळतो ते बघा

हा पास परदेशी पासपोर्टवर अल्पकाळ आलेल्या पाहुण्यांसाठी आहे. विमानतळावर पासपोर्टवर ‘टेम्पररी व्हिजिटर’चा शिक्का किंवा स्टिकर लागतं, पास हातात देताना तेच तपासतात. पर्यटक व्हिसावर जाणाऱ्या भारतीयांना अडचण येत नाही. तोक्योत नोकरी करणाऱ्या मुलाकडे आई-बाबा गेले आणि सगळे मिळून क्यूशूला निघाले, तर मात्र आई-बाबांना पास मिळेल, मुलाला आणि सुनेला मिळणार नाही. अशा घरांत दोन वेगळे हिशेब मांडावे लागतात. ६ ते ११ वर्षांच्या मुलांना पास अर्ध्या किमतीत असतो.

पायरी २: वहीच्या एका पानावर मार्ग लिहा

नकाशा समोर ठेवा आणि कुठे मुक्काम, कुठे नुसती चक्कर, हे दिवसावार लिहून काढा. पासचं नावही इतक्यात काढू नका. लिहिताना डोळ्यांसमोर असायला हवा असा बेटाचा ढोबळ आराखडा सांगतो.

वर फुकुओका शहर. तिथल्या मुख्य स्टेशनाचं नाव हाकाता, हे आधीच ध्यानात ठेवा. गाड्यांवर ‘फुकुओका’ शोधत बसाल तर सापडणार नाही. हाकाताहून पश्चिमेला नागासाकी, पूर्वेला बेप्पू आणि ओइता, आग्नेयेला डोंगरात युफुइन, सरळ खाली कुमामोतो. कुमामोतो आणि ओइता यांच्या मधोमध आसोचा ज्वालामुखी. हा झाला उत्तर भाग. इथे ठिकाणं जवळजवळ आहेत, बहुतेक प्रवास दीड-दोन तासांचे, आणि हाकाताला एकच हॉटेल धरून रोज सकाळी निघून रात्री परत येता येतं.

कुमामोतोच्या खाली चित्र बदलतं. शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, थेट कागोशिमा-चूओपर्यंत (कागोशिमाचं मुख्य स्टेशन) जाते. हाकाता ते कागोशिमा हा सगळा पल्ला सगळ्यात वेगवान गाडी सुमारे ८० मिनिटांत कापते. ही लाईन १२ मार्च २०११ ला पूर्ण झाली. कागोशिमाहून पुढे इबुसुकी, पूर्वेला मियाझाकी. दक्षिणेत अंतरं लांब, गाड्या विरळ, आणि बघायचं ते निवांत बघायचं.

काही ठिकाणी रेल्वे जातच नाही. ताकाचिहोची दरी सगळ्यांच्या यादीत असते, पण तिथली रेल्वे २००५ च्या वादळाने उद्ध्वस्त झाली ती पुन्हा सुरू झालीच नाही. कुरोकावाच्या गरम कुंडांनाही बसनेच जावं लागतं. कुमामोतोच्या दक्षिणेला हितोयोशीवरून डोंगरातून जाणारा जुना मार्ग जुलै २०२० च्या पुरापासून बंद आहे. जुनी पुस्तकं अजून त्याचं गुणगान गातात. तुमच्या यादीत अशी ठिकाणं जास्त असतील तर रेल्वे पास बाजूला ठेवा आणि क्यूशूच्या बसगाड्यांचा ‘सन-क्यू’ नावाचा पास बघा.

पायरी ३: लांबचे प्रवास वेगळे काढा, त्यांचं भाडं समोर मांडा

पास वसूल होतो तो शिनकान्सेन आणि एक्स्प्रेस गाड्यांवर. शहरातल्या शहरात तो जवळपास कुचकामी. नागासाकी, कुमामोतो, कागोशिमा इथल्या ट्रामवर तो चालत नाही, फुकुओकाच्या मेट्रोवरही नाही. विमानतळावरून हाकाताला येणारी मेट्रो फक्त दोन स्टेशनांची आहे, तिचं तिकीट वेगळं काढायचं.

अंदाज यावा म्हणून एकेरी भाडी ढोबळमानाने सांगतो: हाकाता ते कुमामोतो पाच-सहा हजार येन, नागासाकी सहा-साडेसहा हजार, युफुइन पाच-सहा हजार, कागोशिमा दहा हजारांच्या वर. एप्रिल २०२५ मध्ये जेआर क्यूशूने भाडी वाढवली आहेत, त्यामुळे त्याआधीच्या व्हिडिओंमधले आणि लेखांमधले आकडे वहीत उतरवू नका. कंपनीच्या संकेतस्थळावरून ज्या दिवशी हिशेब कराल त्या दिवशीचा आकडा घ्या, पासचाही आणि सुट्या तिकिटांचाही. सुटी तिकिटं ऑनलाइन आगाऊ काढली तर स्वस्त पडतात, तुलना त्या भावाशी करायला हवी.

आता बेरीज करा. हाकाताहून नागासाकीला जाऊन-येऊन बारा-तेरा हजार, युफुइनला जाऊन-येऊन दहा-बारा हजार. दोन दिवसांतच वीस हजार ओलांडले. उत्तर क्यूशूचा तीन दिवसांचा पास याच्या बराच खाली असतो, आणि तिसरा दिवस आसोसाठी उरतो. याउलट फुकुओकात दोन दिवस, नागासाकीत दोन दिवस आणि परत, एवढाच बेत असेल तर पास घेऊ नका. तिकीट काढा आणि मोकळे व्हा.

पायरी ४: तिघांतला एक निवडा

पान समोर असलं की ही पायरी पाच मिनिटांची. सगळा बेत कुमामोतोच्या वर असेल तर उत्तर क्यूशू, तीन किंवा पाच दिवसांचा. विमान थेट कागोशिमाला उतरत असेल आणि वर यायचंच नसेल तर दक्षिण क्यूशू. बेटाला प्रदक्षिणा घालायची असेल तर सबंध क्यूशू. तो तीन, पाच किंवा सात दिवसांचा मिळतो.

खरा पेच पडतो तो ‘उत्तर तर बघायचंच आहे, पण एकदा कागोशिमाही’ म्हणणाऱ्यांचा. त्यांच्यासाठी कुमामोतो हे हद्दीचं स्टेशन. उत्तरेचा पास घेऊन कुमामोतो ते कागोशिमा सुटं तिकीट काढलं तर ते सात-साडेसात हजारांच्या घरात जातं. तिथूनच परतीचं विमान असेल तर दोन्ही हिशेब मांडून बघा. परत फुकुओकाला यायचं असेल तर सबंध क्यूशूच घ्या.

पासचे दिवस सलग मोजले जातात, आणि दिवस म्हणजे तारीख. दुपारी तीनला सुरू केलात तरी त्या मध्यरात्री एक दिवस संपला. म्हणून शहरात रमायचे दिवस पासच्या आधी किंवा नंतर ढकला आणि लांबचे प्रवास एकमेकांना चिकटवून ठेवा. आमचा नऊ दिवसांचा बेत होता. पहिले दोन दिवस फुकुओकात आणि शेवटचे दोन कागोशिमात पायी आणि ट्रामने घालवले, मधल्या पाच दिवसांचाच पास घेतला. सात दिवसांचा घ्यायची गरज पडली नाही.

पायरी ५: कोकुराचा सापळा ओळखा

हाकाता आणि कोकुरा ही दोन्ही स्टेशनं क्यूशू बेटावर आहेत. दोहोंमध्ये शिनकान्सेन धावते, पंधरा-सतरा मिनिटांत पोचवते. पण तेवढा तुकडा जेआर वेस्ट या दुसऱ्या कंपनीचा आहे आणि क्यूशूचा कोणताही पास त्यावर चालत नाही. चढलात तर पूर्ण भाडं मोजावं लागतं. ओसाका किंवा हिरोशिमाहून हाकाताला येणाऱ्या शिनकान्सेनचंही तेच.

पासवर कोकुराला जायचं तर साध्या रुळांवरची ‘सोनिक’ एक्स्प्रेस धरायची. ती पुढे बेप्पू-ओइताला जाते. वेळ जास्त लागतो, पण या गाडीत मला एक फार सुंदर गोष्ट बघायला मिळाली. कोकुराला गाडी दिशा बदलते. जिकडून आली तिकडेच निघते. स्टेशन यायच्या आधी डब्यातले लोक काही न बोलता उठले, प्रत्येकाने पायाने खटका दाबून आपापली जोडखुर्ची गर्रकन फिरवली आणि परत बसले. माझ्या आईच्या शेजारच्या आजींनी आधी स्वतःची फिरवली, मग हसून आमची फिरवायला हात लावला. मिनिटभरात सगळा डबा उलटा झाला होता.

पायरी ६: खास गाड्यांची जागा आधी धरा

पास असला म्हणजे जागा मिळालीच असं नाही. ‘युफुइन नो मोरी’ ही हाकाता ते युफुइन धावणारी हिरवी गाडी पूर्ण आरक्षित आहे, आणि शनिवार-रविवारी तिची जागा लवकर भरते. आरक्षण प्रवासाच्या एक महिना आधी, जपानमधल्या सकाळी १० वाजता उघडतं. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेसहा वाजलेले असतात, गजर लावून ठेवा. पासवर किती वेळा आरक्षण करता येईल याला मर्यादा असते, म्हणून ती आरक्षणं शिनकान्सेनवर उधळू नका. तिथे अनारक्षित डबे असतात आणि साध्या दिवशी जागा मिळते.

या गाडीसाठी एवढी खटपट का? तिचा डबा उंच आहे, जमीन लाकडी, आणि कुरुमे सोडलं की ती नदीच्या काठाकाठाने डोंगरात शिरते. जिओनचा धबधबा आला की चालक वेग कमी करतो, म्हणजे सगळ्यांना दिसावा. पुढे बुंगो-मोरीला वाफेच्या इंजिनांची जुनी अर्धगोल शेड उभी आहे, खिडक्यांची तावदानं गेलेली. १९४५ च्या हवाई हल्ल्यातल्या गोळ्यांच्या खुणा तिच्या भिंतीवर अजून आहेत. युफुइनच्या स्टेशनवर तिकिटाचं स्वयंचलित गेट नाही, आणि फलाटावरच पाय बुडवून बसायला गरम पाण्याचं कुंड आहे. त्याला थोडे पैसे पडतात, ते खुशाल द्या.

दुसरा प्रवास ज्यासाठी मी पास पुन्हा घेईन तो कुमामोतोहून आसोचा. वाटेत तातेनो नावाचं स्टेशन लागतं. इथे चढ इतका आहे की गाडी थांबते, उलटी मागे चढते, पुन्हा थांबते आणि परत पुढे निघते. खंडाळ्याच्या घाटात १९२९ पर्यंत जे रिव्हर्सिंग स्टेशन होतं, त्याच्या गोष्टी आजोबांकडून ऐकल्या होत्या. तो प्रकार चालू गाडीत बसून अनुभवायला मिळाला. २०१६ च्या भूकंपात ही लाईन तुटली होती, ८ ऑगस्ट २०२० ला ती पुन्हा जोडली गेली. वर पोचलं की आपण ज्वालामुखीच्या विशाल परातीत उतरलेलो असतो, आणि त्या परातीत भातशेती, घरं, शाळा, सगळं आहे. एक्स्प्रेस गाड्या दिवसातून मोजक्याच, तेव्हा वेळापत्रक आदल्या रात्री बघा.

नागासाकीला जाताना ताकेओ-ओनसेनला गाडी बदलावी लागते. घाबरू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालेली ६६ किलोमीटरची शिनकान्सेन समोरच्याच फलाटावर उभी असते. जिना नाही, धावपळ नाही. दोन्ही गाड्यांची जागा एकाच वेळी धरा.

पायरी ७: पास हातात घेताना

ऑनलाइन घेतलेला पास हाकाता, कुमामोतो, कागोशिमा-चूओ अशा मोठ्या स्टेशनवर पासपोर्ट दाखवून ताब्यात घ्यायचा. सुरुवातीची तारीख पुढची सांगता येते, त्यामुळे गर्दी नसेल तेव्हा आधीच जा. वहीतलं पान काउंटरवर पुढे करा: तारीख, कुठून, कुठे, किती वाजताची गाडी. आमच्या काउंटरवरच्या मुलीने ते पान स्वतःकडे ओढलं, प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने बारीकशी टिक केली आणि भाषेची अडचण जाणवूही दिली नाही. पास हरवला तर दुसरा मिळत नाही. पाकिटात एकच कप्पा ठरवा आणि गेटमधून बाहेर पडलेला पास उचलायला विसरू नका.

दक्षिणेला गेलात तर इबुसुकीच्या पुढे निशी-ओयामापर्यंत जा. जेआरच्या जाळ्यातलं हे सगळ्यात दक्षिणेचं स्टेशन. एक फलाट, एक पिवळी टपालपेटी आणि समोर ९२४ मीटरचा काइमोनदाके डोंगर. गाड्या इथे दिवसातून थोड्याच येतात. उतरायच्या आधी परतीच्या गाडीची वेळ बघून ठेवा, आणि सोबत दशमी-चटणी घ्या.