मुंबईच्या काळ्या दगडातील पांढरे खनिज कसे ओळखावे

मुंबईत इमारतीच्या पायासाठी खोदाई होते तेव्हा काळ्या बेसाल्टच्या पोकळ्यांतून पांढरे स्फटिक निघतात आणि बहुतेक जण रंग पाहूनच त्यांना नाव देऊन टाकतात. ही सवय प्रथम सोडावी, कारण गारगोटी, कॅल्साइट, स्टिल्बाइट आणि ॲपोफिलाइट ही चारही खनिजे पांढरी असू शकतात.

नमुना कोठे व कोणत्या खडकात मिळाला, याची चिठ्ठी आधी लिहावी. त्यानेच निम्म्या शक्यता गळतात. मग तो मऊ ब्रशने धुवावा. मात्र कापसासारखे तंतूंचे गोळे दिसल्यास ते ओकेनाइट असण्याचा संभव मोठा. त्याला पाणी लावू नये, बोटही लावू नये.

कठिनता पाहताना चाकूच्या टोकाने (१ ते १० च्या मोह्स मापावर सुमारे ५.५) न दिसणाऱ्या कोपऱ्यावर ओरखडा काढावा आणि ओले बोट फिरवावे: रेघ पुसली गेली, तर ती चाकूचेच लोखंड होती. कॅल्साइटवर (३) ओरखडा सहज उठतो, ॲपोफिलाइटवर (४.५ ते ५) जोर लावावा लागतो, तर गारगोटीवर (७) उठतच नाही. कस (खनिज घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग) येथे निरुपयोगी आहे, कारण या सर्वांचा तो पांढराच येतो.

पाटन, म्हणजे खनिज फुटण्याची तऱ्हा, अधिक बोलके असते. कॅल्साइट तिरप्या पेटीसारख्या तुकड्यांत फुटते. ॲपोफिलाइट एकाच दिशेने सोलले जाते व त्या पृष्ठावर मोत्याची चमक दिसते. गारगोटी काचेसारखी फुटते.

माझा भरवसा सर्वाधिक आहे तो विशिष्ट गुरुत्वावर, म्हणजे दगड पाण्याच्या किती पट जड आहे यावर. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्य करावा आणि दोऱ्याने बांधलेला दगड तळाला न टेकवता पाण्यात पूर्ण बुडवावा. कोरड्या दगडाचे वजन १०८ ग्रॅम असून काट्यावर ४० आले, तर भागाकार २.७, म्हणजे कॅल्साइटशी जुळणारा. ४७ आले, तर २.३, म्हणजे ॲपोफिलाइटकडे कल. काळा खडक चिकटलेला असेल, तर हे गणित फसते.

स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट मात्र आकारावरूनच वेगळे काढावेत: पहिल्याचे स्फटिक मध्ये बांधलेल्या पेंढीसारखे, दुसऱ्याचे शवपेटीसारखे असतात. सुईसारख्या स्कोलेसाइट व मेसोलाइटपुढे या घरगुती कसोट्या हरतात. तेथे क्ष-किरण विवर्तन (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासणे) लागते, आणि तोवर चिठ्ठीवर दोन्ही नावे ‘किंवा’ घालून लिहावीत.