जुन्या कॉम्प्युटरवर जिओजेब्रा

आमचा घरचा कॉम्प्युटर म्हातारा, रॅम जेमतेम २ जीबी. लेकीच्या नववीच्या भूमितीसाठी त्यावर जिओजेब्रा क्लासिक ५ टाकलं, म्हणजे भूमितीच्या आकृत्या काढून पाहायचं सॉफ्टवेअर. अशा मशीनला क्लासिक ६ पेक्षा ५ बरं.

फाइल जिओजेब्राच्या स्वतःच्याच साइटवरून घ्या. मागे मी भलत्याच साइटवरचं मोठं हिरवं बटण दाबलं आणि ब्राउझरमध्ये नको ती टूलबार येऊन बसली, काढता काढता अख्खा रविवार गेला! डाउनलोडच्या पानावर क्लासिक ५ शोधा, फाइल पूर्ण उतरू द्या, मग डबल क्लिक. जावा (हे चालायला लागणारं दुसरं सॉफ्टवेअर) वेगळं टाकायची कटकट नाही. इन्स्टॉलच करायचं नसेल, तर पोर्टेबल आवृत्ती पेनड्राइव्हवर ठेवा.

उघडल्यावर आधी त्रिकोण काढा, कोन मोजा, एक शिरोबिंदू ओढा. बेरीज १८०° च राहते का, हे लेक तासभर तपासत होती.