गाडी उचलायची तर आधी वजनकाट्यावर न्या: ऑफ-रोड गाडीसाठी सस्पेन्शन आणि लिफ्ट किट कसे निवडावे

लिफ्ट किट, म्हणजे गाडी चाकांवर उंच उचलणारा सुट्या भागांचा संच, घ्यायला निघालेल्यांचा पहिला प्रश्न इंचांचा असतो: दोन घेऊ की तीन? हा प्रश्न शेवटी यायला हवा. आधी ठरवायचे ते दोन मुद्दे. गाडीवर कायमचे वजन किती असणार, आणि चाकाला वर-खाली जायला जागा किती उरणार. ही दोन उत्तरे हाती आली की उंची जवळजवळ ठरलेलीच असते. थार असो, जिम्नी असो, व्ही-क्रॉस किंवा हायलक्ससारखा पिकअप असो, रोज वापरायच्या गाडीला ती साधारण ४० ते ५० मिलिमीटरवर येऊन थांबते. त्यापलीकडे स्टिअरिंग, ड्राइव्हशाफ्ट, ब्रेक आणि प्रोपेलर शाफ्ट असे एकेक भाग सुधारत बसावे लागते, आणि त्या सुधारणांचा खर्च किटच्या किमतीला सहज गाठतो.

लिफ्टने काय वाढते आणि काय वाढत नाही

सस्पेन्शन उचलले की चेसिस, फूटबोर्ड, बंपर आणि इंधनाची टाकी जमिनीपासून वर जातात. दगडाच्या पायरीवर नाक घासणे, दोन चढांच्या मध्ये पोट टेकणे हे कमी होते. पण सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड आस) असेल तर डिफरन्शियलचा, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा, गोळा होता तिथेच राहतो, कारण तो चाकाशी बांधलेला आहे. त्याला वर नेणारी गोष्ट एकच: मोठा टायर. आणि तिथेही व्यासात वाढ होते त्याच्या निम्मीच उंची पदरात पडते.

हिशेब करून पाहा. २४५/७५ आर १६ या टायरचा व्यास सुमारे ७७४ मिमी. त्याजागी २६५/७५ आर १६ घातला तर व्यास ८०४ मिमी, म्हणजे ३० मिमी वाढ. डिफरन्शियल उचलला गेला फक्त १५ मिमी. त्याच वेळी गिअरिंग जवळपास ४ टक्के लांब झाले: स्पीडोमीटर १०० दाखवत असताना गाडी आधीपेक्षा ४ टक्के जोरात धावते आणि चढावर पहिला गिअर थोडा दमतो.

सह्याद्रीच्या पावसाळी लाल चिखलात तर उंचीपेक्षा टायरची नक्षी आणि हवेचा दाब जास्त कामाला येतो. मऊ जमिनीवर हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवणे हा फुकटचा बदल आहे. एवढे करूनही पोट घासत असेल तरच किटचा विचार करा. डांबरी रस्त्यावर येण्याआधी हवा परत भरायला विसरू नका.

वजनकाटा: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टाळली जाणारी पायरी

जवळच्या वजनकाट्यावर गाडी न्या. साखर कारखान्याच्या किंवा खडी क्रशरच्या आसपास तो हमखास सापडतो. तीन नोंदी घ्या: पूर्ण गाडी, फक्त पुढची चाके काट्यावर, फक्त मागची चाके काट्यावर. टाकी भरलेली असावी आणि जे सामान नेहमी गाडीत असते ते सगळे आत असावे. स्टीलचा पुढचा बंपर ५० ते ७० किलो भरतो, स्टीलच्या दोरासह विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारे यंत्र) आणखी ३५ ते ४० किलो. विंचला सिंथेटिक दोर घातला तर त्यातले दहाएक किलो वाचतात, तेही अगदी नाकाच्या टोकावरचे, त्यामुळे ही बचत स्प्रिंगला लगेच जाणवते.

आता हे आकडे स्प्रिंगला लावा. समजा मागच्या प्रत्येक कॉइल स्प्रिंगची ताकद अशी, की एक मिलिमीटर दबायला ३ किलो लागतात. मागे कायमचे १५० किलो वाढले तर प्रत्येक बाजूला ७५ किलो आले, म्हणजे गाडी २५ मिमी बसली. रिकाम्या गाडीसाठी बनवलेली ४० मिमी लिफ्टची स्प्रिंग घातली असेल तर हातात उरले १५ मिमी. पैसे ४० चे, उंची १५ ची.

उलट चूकही तितकीच होते आणि ती जास्त त्रास देते. "मागे ३०० किलो कायमचा भार" अशा यादीतली स्प्रिंग रिकाम्या पिकअपला बसवली की हौदा ताठ वर राहतो, खड्ड्यात मागची चाके उडतात आणि ओल्या घाटात वळणावर मागचा भाग सरकतो. चांगले उत्पादक एकाच गाडीसाठी भारानुसार तीन-चार स्प्रिंगा देतात. विक्रेत्याला भाराचा आकडा सांगून स्प्रिंगचा पार्ट नंबर मागा. भार न विचारता "सगळ्यांना हेच बसते" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. शिवाय आरसीवर लिहिलेले गाडीचे कमाल एकूण वजन नव्या स्प्रिंगमुळे वाढत नाही. ब्रेक, अ‍ॅक्सल आणि बेअरिंग जुनेच आहेत.

उचलण्याच्या पद्धती, आणि कुठे काय बिघडते

आधी तुमच्या गाडीखाली काय आहे ते पाहा. २०२० नंतरच्या थारला पुढे इंडिपेन्डन्ट डबल विशबोन (प्रत्येक चाक वरच्या-खालच्या दोन आर्मवर स्वतंत्र हलते) आणि मागे कॉइलवरचा सॉलिड अ‍ॅक्सल आहे. त्याआधीच्या सीआरडीई थारला पुढे टॉर्शन बार (पिळली जाऊन स्प्रिंगचे काम करणारी दांडी), मागे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग). जिम्नीला दोन्हीकडे कॉइलवरचे सॉलिड अ‍ॅक्सल. व्ही-क्रॉस आणि हायलक्सला पुढे डबल विशबोन, मागे पाटे. एका गाडीवर उत्तम चाललेला उपाय दुसऱ्या रचनेत घातक ठरू शकतो, म्हणून मित्राच्या गाडीचे किट पाहून आपले ठरवू नका.

*डबल विशबोनवर स्पेसर.* सगळ्यात स्वस्त उपाय, आणि बाजारात सगळ्यात जास्त खपणारा. शॉकच्या (स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या नळीच्या) डोक्यावर २५ मिमीची चकती बसवली की चाकापाशी साधारण ४० ते ५० मिमी उंची मिळते, कारण शॉक विशबोनच्या आतल्या बाजूला टेकलेला असतो आणि चाक त्याच्यापेक्षा जास्त हालते. पण आता चाक हवेत लोंबले की आधीपेक्षा तेवढेच जास्त खाली जाते. वरचा बॉल जॉइंट त्याच्या शेवटच्या कोनावर पोचतो, वरचा आर्म स्प्रिंगला घासतो, ड्राइव्हशाफ्टचे रबरी बूट ताणून फाटते आणि ग्रीस बाहेर उडते. दुसऱ्या टोकाला, म्हणजे चाक पूर्ण वर गेल्यावर, बम्प स्टॉप (चाकाला आणखी वर जाण्यापासून अडवणारा रबरी ठोकळा) टेकण्याआधीच शॉक आतून आपटू शकतो. अशा दोन-चार आपटींत शॉकचा सील जातो किंवा माउंट वाकतो. स्पेसर घालायचाच असेल तर २० मिमीच्या वर जाऊ नका आणि बम्प स्टॉप त्या प्रमाणात खाली आणा. आमचे मत विचाराल तर हे पैसे साठवा आणि पुढे योग्य लांबीचा पूर्ण शॉक-स्प्रिंग संच घ्या.

*टॉर्शन बार पिळणे.* जुन्या थारमध्ये अ‍ॅडजस्टरचा बोल्ट आवळून पुढचा भाग फुकटात वर येतो. स्प्रिंगची ताकद त्याने तसूभरही वाढत नाही. फक्त चाकाची बसण्याची जागा बदलते आणि खाली लोंबण्याची मोकळीक संपते. खड्ड्याच्या पलीकडे चाक खाली पडताना "टक्" असा आवाज येतो तो वरचा आर्म थेट स्टॉपवर आपटल्याचा. चाकाच्या एकूण हालचालीपैकी निदान एक तृतीयांश खालच्या बाजूला उरली पाहिजे, हा अंदाज धरून चाला.

*कॉइलवरचा सॉलिड अ‍ॅक्सल.* जिम्नीसारख्या गाडीत लांब स्प्रिंग आणि लांब शॉक घातले की काम झाले असे दिसते, पण पुढचा अ‍ॅक्सल लांब आर्मवर गोल फिरत खाली जातो आणि कॅस्टर (चाक ज्या आसावर वळते त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. ५० मिमी लिफ्टला दोन-तीन अंश जातात. मग हायवेवर स्टिअरिंग हलके पडते, गाडी भटकते आणि वळणानंतर चाके आपसूक सरळ येत नाहीत. कॅस्टर सुधारणारे बुश (आर्मच्या सांध्यातली रबरी नळकांडी) किंवा बदललेले आर्म हा किटचाच भाग समजा. अ‍ॅक्सलला आडवा धरणारा पॅनहार्ड रॉड असेल तर उंचीबरोबर अ‍ॅक्सल काही मिलिमीटर एका बाजूला सरकतो. लांबी बदलता येणारा रॉड घालून तो पुन्हा मध्यावर आणता येतो.

*मागचे पाटे.* इथे पर्याय चार. जादा पाटा घालणे: स्वस्त आणि वजन उचलायला चांगले, पण रिकामी गाडी कडक होते. लांब शॅकल (पाट्याचे टोक चेसिसला जोडणारी कडी): मूळपेक्षा ५० मिमीने लांब शॅकलने जेमतेम २५ मिमी उंची मिळते आणि डिफरन्शियलचे तोंड फिरते. पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये ठोकळा: मागे एक छोटा ठोकळा चालतो, एकावर एक दोन कधीही नाहीत, आणि पुढच्या अ‍ॅक्सलखाली तर एकही नाही, कारण ब्रेक लावताना अ‍ॅक्सल पिळतो आणि ठोकळा निसटला तर स्टिअरिंगच हातचे जाते. चौथा आणि खरा पर्याय म्हणजे तुमच्या भारासाठी बनवलेला पाट्यांचा पूर्ण नवा संच. त्यासोबत नवे यू-बोल्ट (पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणारे) घ्याच. यू-बोल्ट आवळताना ताणला जातो, जुना परत वापरला तर तो नीट धरत नाही, पाटे सरकतात आणि मधला सेंटर बोल्ट तुटतो.

शॉक: ब्रँडच्या आधी लांबी

शॉक निवडताना दोन मापे पाहा, पूर्ण उघडी लांबी आणि पूर्ण मिटलेली लांबी. लांब शॉक घातला आणि त्याची मिटलेली लांबीही वाढली तर बम्प स्टॉप निरुपयोगी होतो. मोजायची रीत अशी: चेसिस घोड्यांवर (पक्क्या स्टँडवर) टेकवा, कॉइल स्प्रिंग काढा, जॅकने अ‍ॅक्सल बम्प स्टॉप पूर्ण दबेपर्यंत वर न्या आणि शॉकच्या दोन माउंटमधले अंतर मोजा. शॉक मिटल्यावर या अंतरापेक्षा १५ मिमी तरी आखूड हवा. मग अ‍ॅक्सल खाली सोडून पाहा: ब्रेकचा होज, एबीएसची वायर किंवा डिफरन्शियलची हवेची नळी ताणण्याआधी शॉकने अ‍ॅक्सल थांबवला पाहिजे.

ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा शॉक) की मोनोट्यूब (एकाच नळीचा)? घाट, शेतरस्ते, शनिवार-रविवारचे ट्रेल यांसाठी जाड नळीचा, नायट्रोजन भरलेला ट्विन-ट्यूब पुरे. त्याची बाहेरची नळी दगडाने थोडी चेपली तरी आतला पिस्टन चालत राहतो. स्पिती-लडाखकडे तासन्‌तास खडबडीत रस्त्यावर भरलेली गाडी पळवायची असेल तर तेल तापून फेसाळते आणि शॉक मऊ पडतो. तिथे मोनोट्यूब किंवा वेगळ्या टाकीचा शॉक उष्णता लवकर बाहेर टाकतो. मोनोट्यूबच्या नळीला खोल पोचा पडला तर पिस्टन अडकतो, हे लक्षात ठेवून त्याला दगडापासून आडोसा द्या. वेगळ्या कंपन्यांचे शॉक आणि स्प्रिंग जोडणे टाळा. कडक स्प्रिंगला मऊ शॉक मिळाला तर गाडी होडीसारखी डुलते.

व्ही-क्रॉस आणि हायलक्ससाठी ऑस्ट्रेलिया आणि थायलंडची किट मिळतात. तिकडेही चालक उजवीकडेच बसतो, त्यामुळे डाव्या-उजव्या स्प्रिंगची उंची वेगळी असेल तर ती आपल्याकडे तशीच जुळते. अमेरिकी बाजाराच्या किटमध्ये ही बाजू उलटी असते.

बसवताना

काम सुरू करण्याआधी सपाट फरशीवर चारही कोपऱ्यांत चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचे अंतर मोजून लिहा. जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा मापात शिरते. जुन्या अलाइनमेंटचा कागदही जपून ठेवा.

कॉइल स्प्रिंग उतरवायला योग्य कंप्रेसर हवाच. दोरी-साखळी बांधून केलेला जुगाड हात तोडू शकतो. जॅकवर विसंबून गाडीखाली शिरू नका, घोड्या लावा. अ‍ॅक्सल खाली सोडण्याआधी होज आणि वायरच्या क्लिपा मोकळ्या करा.

गॅरेजमध्ये सर्रास होणारी चूक बुशच्या बोल्टची. रबरी बुश बोल्टभोवती फिरत नाही, रबर पिळले जाते. गाडी हवेत असताना बोल्ट घट्ट केले तर खाली उतरवताच प्रत्येक बुश कायमचा पिळलेला राहतो आणि थोड्याच महिन्यांत फाटतो. म्हणून आर्म आणि शॅकलचे बोल्ट हाताने लावून ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, बंपर चार-पाच वेळा दाबा, आणि मगच टॉर्क पान्याने कंपनीने दिलेल्या आकड्याला आवळा. फिटर घाईत असेल तर समोर उभे राहून हे करून घ्या.

काही पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेली एक दांडी ब्रेकचा दाब भारानुसार कमी-जास्त करते. गाडी उचलली की ही दांडी "हौदा रिकामा आहे" असे समजते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. तशी दांडी असेल तर तिचा ब्रॅकेट उंचीइतका सरकवल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

त्यानंतर त्याच दिवशी अलाइनमेंट. फक्त टो (चाकांचे आत-बाहेर वळणे) नको, कॅस्टर आणि कॅम्बरही (चाकाचा उभा कल) मागा, आणि ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणून घ्या. हेडलाइटचा झोत खाली करा, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात. ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट आणि इतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासा. नवी स्प्रिंग पहिल्या हजारभर किलोमीटरमध्ये ५ ते १० मिमी बसते, ते स्वाभाविक आहे. एकच कोपरा जास्त बसला तर स्प्रिंग तिच्या बैठकीत नीट बसली आहे का ते पाहा. ६० ते ८० च्या वेगात थरथर जाणवली तर मागच्या डिफरन्शियलचा कोन तपासा. पाट्याच्या गाडीत दोन-चार अंशांची पाचर बहुधा ती घालवते.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ आरसीवरील मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करू देत नाही, आणि कलम १८२ए नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. किट मागवण्याआधी आपल्या आरटीओकडे विचारा आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा. वॉरंटी शिल्लक असेल तर सर्व्हिस सेंटरकडूनही लेखी उत्तर घ्या. जुने स्प्रिंग आणि शॉक विकू नका. खुणा करून, तेलाचा हात फिरवून कोरड्या जागी ठेवा, म्हणजे गरज पडली तर गाडी एका दिवसात मूळ स्थितीत आणता येते.

पैसे कमी असतील तर क्रम असा

पहिल्यांदा टायर, आणि खिळखिळे झालेले बुश. मग भाराला जुळणाऱ्या स्प्रिंगा आणि त्याच संचातले शॉक. हे दोन्ही एकत्रच घ्या. तिसऱ्या टप्प्यात कॅस्टर बुश किंवा वरचे आर्म. पॉलियुरेथेन बुश त्यानंतर आणि गरज वाटली तरच: ते जास्त टिकतात, पण अ‍ॅक्सलला मोकळेपणी वाकू देत नाहीत आणि ग्रीस सुकले की करकरतात. बंपर-विंच बसवायचे मनात असेल तर स्प्रिंग मागवण्याआधी ते ठरवा, आणि त्यांचे वजन काट्याच्या आकड्यात आत्ताच मिळवून टाका.