मर्सेन संख्या मूळ आहे का, हे कागदावर कसं तपासावं

२ च्या घातातून १ वजा केलेली संख्या मूळ आहे का, हे बघायला विभाजक शोधत बसू नका. मी थेट ल्युका-लेमर कसोटी शिकवते. घातांक ७ घ्या (तो विषम मूळ संख्याच हवा). संख्या झाली १२७. सुरुवात ४ पासून. वर्ग करा, २ वजा करा, १२७ ने भागून बाकी ठेवा. घातांकापेक्षा दोन कमी, म्हणजे ५ वेळा: १४, ६७, ४२, १११, ०. शेवटी शून्य आलं, १२७ मूळ!

बाकी काढायची माझी लाडकी युक्ती: १२८ ने भागा, भागाकार आणि बाकी यांची बेरीज करा. ६७ च्या वर्गातून २ वजा करून आलेल्या ४४८७ मधून ३५ आणि ७, म्हणजे ४२. बेरीज १२७ आली तर शून्य धरा.

२०२४ मध्ये सापडलेल्या ४,१०,२४,३२० अंकी संख्येलाही हीच कसोटी लावली गेली.