उभ्या ट्रकला डिझेल मिळेना? पंप खोलायच्या आधी या चुका टाळा

आमचा जुना ट्रक फक्त उसाच्या सीझनला चालतो. मार्च-एप्रिलला कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की गाडी गोठ्याशेजारच्या शेडात उभी, ती डायरेक्ट दसऱ्यानंतरच हलते. मधे अख्खा पावसाळा. आणि मग दरवर्षीचं ठरलेलं, बॅटरी चार्ज करून आणायची, सेल मारायचा, इंजिन घर्रघर्र फिरतंय पण पेट घेत नाही, भोवती चार जण जमतात आणि त्यातला एक हमखास म्हणतो, "पंप गेला." एका वर्षी मी ते ऐकलं, पंप (इंजिनाला दाबानं डिझेल देणारा मेन पंप) खोलून कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून सेट करायला, दिला, पैसे गेले, दोन दिवस गेले, परत बसवला तर गाडी जिथल्या तिथं. दोष होता टाकीत. तेव्हापासून माझं एकच, टाकीपासून सुरुवात करायची आणि एकेक करत इंजिनाकडं यायचं, उलटं नाही.

पहिली चूक म्हणजे नुसता सेल मारत बसणं. दहा-पंधरा सेकंद मारा, मग मिनिटभर थांबा, नाहीतर डिझेलचा घोळ राहतो बाजूला आणि स्टार्टर जळतो. आणि सेल मारताना एकाला सायलेन्सरकडं बघायला उभा करा. पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल सिलेंडरपर्यंत पोचतंय पण जळत नाही, मग कॉम्प्रेशन, नोझल, टायमिंग अशी वेगळी शोधाशोध. धूरच नाही म्हणजे डिझेल येतच नाही. त्यातही आधी पंपावरचा स्टॉपरचा, म्हणजे डिझेल तोडून इंजिन बंद करणारा, लिव्हर हाताने हलवून बघा. पावसाळ्यात केबल गंजून बंदच्या पोझिशनला अडकलेली असते आणि लोक इकडं अर्धी गाडी खोलून बसलेले असतात (हसू नका, आमच्याकडंही झालंय).

मग बाटली. टाकीच्या तळाचा ड्रेन नट सैल करून लिटरभर डिझेल पारदर्शक बाटलीत घ्यायचं आणि तासभर हलवायचं नाही. आमच्या बाटलीत खाली तीन बोटं पाणी, वर डिझेल आणि दोघांच्या मधे तपकिरी रंगाचा बुळबुळीत थर, साबुदाण्याच्या खिरीवर साय धरावी तसा. अर्धी रिकामी टाकी असली की आतल्या हवेतल्या दमटपणाचं पाणी होतं, ते डिझेलपेक्षा जड म्हणून तळाला बसतं आणि जिथं दोन्ही भेटतात तिथं बुरशी आणि बॅक्टेरिया वाढतात. हाच गाळ आमच्या सक्शन पाईपच्या (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पाईपच्या) जाळीला चिकटून बसला होता. अशा वेळी नुसता फिल्टर बदलून वरून नवीन डिझेल ओतू नका, दोन दिवसांत नवा फिल्टरही चोक होतो. टाकी उतरवून धुवायची, जाळी साफ करायची, मगच फिल्टर. गाडी चालू होते, चढाला दम तोडते, बंद पडते आणि दहा मिनिटांनी आपोआप चालू होते, असं असेल तर संशय याच गाळावर घ्या, इंजिन बंद झालं की ओढ थांबते आणि गाळ जाळीवरून सुटतो.

टाकी साफ आहे तरी डिझेल येईना, मग एअर, म्हणजे डिझेलच्या लाईनीत शिरलेली हवा. इथं लोक फसतात कारण सक्शन साईडच्या पाईपला भेग असली तरी डिझेल टपकेलच असं नाही, बाहेरची हवा आत ओढली जाते, म्हणून पाईप कोरडाठाक दिसतो. यावर साधा उपाय, पाच लिटरचा स्वच्छ डिझेलचा कॅन फीड पंपापेक्षा (टाकीतून डिझेल ओढून मेन पंपाकडं ढकलणारा छोटा पंप) उंच टांगा आणि त्यातून नळी थेट फीड पंपाला द्या. एअर काढून गाडी नीट चालली तर दोष टाकी ते फीड पंप एवढ्यातच, नाही चालली तर पुढं बघा. आणि रात्रभर उभी राहिली की सकाळीच एअर धरते, दिवसभर काही नाही, तर फीड पंपाच्या व्हॉल्वमधे कचरा अडकून डिझेल मागं उतरत असतं, हे पण तपासा.

एअर काढताना फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा, आधी साबणासारखा फेस येतो, तो संपून सलग धार लागली की पंप मारता मारताच स्क्रू आवळायचा, मग तेच मेन पंपाच्या स्क्रूला. हातपंपाची मूठ शेवटी खाली दाबून फिरवून बंद करायची, उघडी राहिली तर तिथूनच परत एअर. तांब्याचे वायसर नवीनच टाका, आणि टेफ्लॉन टेप तर अजिबात नको, त्याचे तुकडे पंपात जातात. इन्जेक्टरचे नट सैल करून एअर काढायची पद्धत फक्त जुन्या पंपाच्या गाड्यांना. कॉमन रेलला (नवीन गाड्यांची, एकाच नळीतून सगळ्या इन्जेक्टरना डिझेल देणारी सिस्टीम) चुकूनही नाही, तिथं प्रेशर 1600 बारच्या वरही जातं आणि ती बारीक धार कातडी फोडून आत जाते.

गेल्या सीझनला मात्र सगळं करून झालं आणि गाडी तीन किलोमीटर जाऊन बंद. एअर नाही, पाणी नाही, फिल्टर नवा. वैतागून टाकीचं झाकण उघडलं तर सूऽऽ आवाज करत हवा आत गेली. टाकीत हवा आत घेणाऱ्या श्वासनळीत कुंभारीण माशीनं चिखलाचं घर केलेलं, त्यामुळं डिझेल संपत जाईल तशी हवा आत येईना आणि फीड पंप ओढून ओढून थकला. काडीनं खरवडून काढलं, पाच मिनिटांचं काम. आता पावसाळ्याआधी टाकी काठोकाठ भरतो, चोरीची भीती आहे म्हणून झाकणाला कुलूप, आणि श्वासनळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधतो, हवा जाईल पण माशी नाही.