ग्रीन कार्ड असून वर्षानुवर्षं गावाकडंच राहिलात? एसबी-१ ची फाइल अशी लावा

कोल्हापुरात अशी घरं बरीच आहेत, ग्रीन कार्डवाला मुलगा बायको-पोरांना घेऊन चार महिन्यांसाठी म्हणून आला, मग वडिलांना पॅरालिसिसचा झटका, मग आईचं ऑपरेशन, मधी कोविड, असं करत तीन-चार वर्षं कधी गेली कळलंच नाही. कार्डावरची तारीख संपलेली नाही म्हणून लोक निवांत असतात. पण कार्ड दहा वर्षांचं असलं तरी सलग वर्षभर किंवा जास्त बाहेर राहिलात की नुसत्या कार्डावर परत अमेरिकेत जाता येत नाही. री-एन्ट्री परमिट, म्हणजे जास्त दिवस बाहेर राहून परत यायची आधीच काढलेली परवानगी, असतं तर दोन वर्षांपर्यंत चाललं असतं, पण त्याचा आय-१३१ फॉर्म अमेरिकेत असतानाच भरावा लागतो, त्यामुळं इथं बसून तो विषय संपला.

उरतो एसबी-१, म्हणजे लांब मुक्कामानंतर परत जाणाऱ्या ग्रीन कार्डवाल्याचा रिटर्निंग रेसिडेंट व्हिसा. त्यात पटवून द्यायचं ते एवढंच, की निघताना तुम्ही परमनंट रेसिडेंट, म्हणजे ग्रीन कार्डवाले होता, परत जायचा विचार कधीच सोडला नव्हता, आणि मुक्काम लांबला तो तुमच्या हाताबाहेरच्या कारणानं. ऐकायला सोपं आहे, सिद्ध करायला नाही, आणि सिद्ध करायची जबाबदारी पूर्ण तुमची.

"आई-वडिलांचं करायला राहिलो" म्हटलं की आपल्याकडं पुढं कुणी काही बोलत नाही. अमेरिकन कॉन्सुलेटचा व्हिसा ऑफिसर मात्र विचारणार की दुसरं भावंड नव्हतं का, आणि वडील गेल्यावर किती दिवसांनी निघायची तयारी केली. माझ्या मते केस पडते ती इथंच. वडील २०२१ ला गेले आणि अर्ज २०२३ ला, तर मधल्या दोन वर्षांचं उत्तर पाहिजे. कोविडचंही तसंच, नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं मार्च २०२० पासून मार्च २०२२ पर्यंत बंद होती हे खरं, पण वंदे भारत आणि एअर बबलची विमानं अमेरिकेला जात होती, ते त्यांनाही माहीत आहे. कॅन्सल झालेलं तिकीट, रिफंडचा ईमेल असलं काहीतरी जोडा.

म्हणून फॉर्मच्या आधी एक कागद घ्या. एका बाजूला महिना, शेजारी त्या महिन्यात काय झालं, त्याच्या शेजारी पुरावा कुठला. ज्या रांगेत पुरावा नाही तिथंच प्रश्न येणार. हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड नुसतं झेरॉक्स करून लावू नका, त्यावर ०३/०४ लिहिलेलं असतं, आपण ३ एप्रिल वाचतो आणि अमेरिकन माणूस ४ मार्च. डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत पत्र घ्या, महिना अक्षरात, पेशंटची अवस्था काय होती आणि सोबत कायम माणूस का लागत होता ते स्पष्ट लिहिलेलं. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर पाहिजेच.

परत जायचा विचार होता हे दाखवायला सगळ्यात वजनदार म्हणजे टॅक्स. इथं राहूनही दरवर्षी रेसिडेंट म्हणून १०४०, म्हणजे अमेरिकेचा इन्कम टॅक्सचा फॉर्म, भरला असेल तर उत्तम, आणि कुणाच्या सल्ल्यानं नॉन-रेसिडेंट म्हणून भरला असेल तर फाइल लावायच्या आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, गल्लीतल्या एजंटशी नको. तिथलं घर, बँक खातं, लायसन्स, कंपनीनं दिलेली रजा, सगळं घ्या. उलट तिथलं घर विकून इथं फ्लॅट घेतला आणि पोरं इथल्या शाळेत रुळली, तर ऑफिसरला तुम्ही इथंच स्थायिक झालात असं वाटणार, त्याचं उत्तर तयार ठेवा.

घरातल्या प्रत्येक कार्डवाल्याचा डीएस-११७, म्हणजे एसबी-१ साठीचा फॉर्म, वेगळा, फी माणशी १८० डॉलर, आणि नाकारलं तरी ती परत मिळत नाही. जायच्या निदान तीन महिने आधी सुरुवात करा. लहान पोरांचं बहुतेक आई-बापाच्या केसवरच ठरतं. इंटरव्ह्यू मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये, महालक्ष्मी एक्सप्रेसनं पोचून त्याच सकाळी आत जायचा धाडसीपणा करू नका, आदल्या दिवशीच मुक्कामाला जा, आणि मोबाइल आत नेऊ देत नाहीत. हा टप्पा पार झाला की मग डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, मेडिकल, आणखी २०५ डॉलर, आणि पोलिस क्लिअरन्स, त्याचा अर्ज पासपोर्टच्या साइटवरनं होतो.

काहीजण म्हणतात थेट विमानात बसायचं, बघू काय होतंय. एकतर एअरलाइनच कदाचित बसू देणार नाही, आणि पोचलातच तर तिथं आय-४०७ फॉर्म पुढं करू शकतात, म्हणजे मी रेसिडेन्सी स्वखुशीनं सोडतोय. त्यावर सही करायची सक्ती नाही, इमिग्रेशन जजसमोर सुनावणी मागता येते, पण दमलेली पोरं घेऊन तिथं ताठ उभं राहणं सगळ्यांना जमत नाही.

एसबी-१ नाकारला तर नव्यानं रांगेत. मुलगा किंवा मुलगी अमेरिकन सिटिझन आणि २१ पूर्ण असेल तर आय-१३०, म्हणजे नातेवाइकासाठीचा अर्ज, भरून आई-वडिलांना बोलवू शकते, तिथं कोट्याची वाट बघावी लागत नाही. सिटिझन भावानं भरलं तर मात्र भारतीयांना दहा वर्षांच्या वरच धरून चाला.